लिस्टबॉक्समधल्या काही ओळींना वेगळा रंग कसा द्यायचा? ड्रॉआयटममध्ये कोड लिहिलाय, पण तो चालतच नाही

तुमचा प्रश्न वाचून माझेच जुने दिवस आठवले. मुदत संपलेल्या औषधांच्या ओळी लाल दिसायला हव्यात, ड्रॉआयटममध्ये (ओळ रंगवायची वेळ आली की चालणारा इव्हेंट) सगळं नीट लिहिलंय, ब्रेकपॉइंटही (प्रोग्रॅम थांबवून बघायची खूण) लावलाय, पण प्रोग्रॅम तिथे फिरकतच नाही. विनफॉर्म्स (विंडोजच्या खिडक्या बनवायची डॉटनेटमधली सोय) आणि सी शार्प भाषा धरून सांगतो.

कारण साधं आहे. लिस्टबॉक्सचा ड्रॉमोड मुळात 'नॉर्मल' असतो. म्हणजे ओळी रंगवण्याचं काम विंडोज स्वतःच करतं, तुम्हाला विचारत नाही. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तो 'ओनरड्रॉफिक्स्ड' करा, लगेच ब्रेकपॉइंटवर थांबेल. ओळींची उंची वेगवेगळी हवी असेल तरच 'ओनरड्रॉव्हेरिएबल' घ्या. मग मेझरआयटमही लिहावं लागतं. तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

आता खरी अडचण. ड्रॉआयटम तुम्ही बोलवायचं नसतं, विंडोज बोलावतं: यादी सरकली, वरची दुसरी खिडकी हलली, बाण दाबला की प्रत्येक वेळी. 'ही अमुक ओळ, आत्ता, या चौकटीत काढून दे' एवढंच ते सांगतं. त्यामुळे रंग कुठला हे त्या क्षणी आयटमकडूनच कळलं पाहिजे. मी सुरुवातीला रंगांचा वेगळा अ‍ॅरे ठेवला होता, ओळीच्या क्रमांकानुसार. एक दिवस सॉर्टेड चालू केलं आणि ताजी औषधं लाल, मुदत संपलेली काळी! दुकानदाराने फोनवर काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. लिस्टबॉक्समध्ये नुसती स्ट्रिंग टाकायची सक्ती नाही. नाव आणि मुदतीची तारीख असलेला छोटा क्लास करा, त्याचं टूस्ट्रिंग लिहा आणि ते ऑब्जेक्टच आयटम्समध्ये घाला. रंग तारखेवरून ठरेल, क्रम कितीही बदलो.

कोड चिकटवत नाही, क्रम सांगतो. ड्रॉआयटमला विंडोजकडून येणारी माहिती 'ई'मध्ये असते. सगळ्यात आधी ई.इंडेक्स, म्हणजे ओळीचा क्रमांक, शून्यापेक्षा कमी असेल तर तिथूनच परत फिरा. यादी रिकामी असताना तिच्यावर फोकस आला की इंडेक्स -1 येतो, आणि आयटम्समध्ये -1 शोधायला गेलात की एक्सेप्शन ठरलेलं. मग ई.ड्रॉबॅकग्राउंड. ओळ निवडलेली नसेल तरच तिच्यावर तुमचा रंग भरा. त्यावर मजकूर, आणि शेवटी ई.ड्रॉफोकसरेक्टँगल. तुमची निवडलेली ओळ दिसेनाशी होईल ती इथेच, कारण बहुतेक जण निळ्यावरही लाल थापतात. मजकुराला ई.फोरकलर वापरा, निवडलेल्या ओळीसाठी तो आपोआप बदलून येतो. ओळ निवडलीय का हे ई.स्टेटवरून कळतं, पण ते दोन बरोबरच्या चिन्हांनी थेट ताडू नका. त्यात 'सिलेक्टेड'सोबत 'फोकस' वगैरेही मिसळलेलं असतं. & करून फक्त सिलेक्टेडचा बिट तपासा.

ब्रशबद्दल एक फजिती सांगतो. स्वतः न्यू करून घेतलेला सॉलिडब्रश यूझिंगमध्ये (काम झालं की वस्तू आपोआप फेकून देणारा ब्लॉक) ठेवायचा, हे कुठेतरी वाचलं होतं. बरोबरच आहे ते. मी उत्साहात ब्रशेस.रेडसुद्धा यूझिंगमध्ये घातला. पहिली लाल ओळ झकास आली, दुसऱ्या लाल ओळीला प्रोग्रॅम कोसळला. तो ब्रश सगळ्या प्रोग्रॅमचा सामाईक असतो, तो फेकून द्यायचा नसतो. अर्धा दिवस गेला यात.

मजकूर टेक्स्टरेंडररने (मजकूर काढायचा तयार क्लास) काढत असाल तर नोप्रिफिक्स हा फ्लॅग द्या. नाहीतर नावातला & गायब होतो आणि पुढच्या अक्षराखाली रेघ येते.

औषधांची नावं देवनागरीत असतील तर आणखी एक. ओनरड्रॉफिक्स्डमध्ये आयटमहाइट मुळात 13 पिक्सेल असते. इंग्रजीला ती कशीबशी पुरते, पण मंगल किंवा निर्मला यूआय हा फॉन्ट लावलात की वरचा रफार आणि खालचा उकार कापले जातात, 'सूर्य' वाचायला त्रास होतो. फॉन्टच्या हाइटमध्ये 4 मिळवून ती आयटमहाइटला द्या.

तारीख नंतर बदलली तर यादीला ते आपोआप कळत नाही. गेटआयटमरेक्टँगलने त्या ओळीची चौकट घ्या आणि तेवढीच इनव्हॅलिडेट करा, म्हणजे ती पुन्हा रंगवली जाईल. सगळी यादी पुन्हा भरत बसू नका, डोळ्यांसमोर लुकलुकते.

आणि खरं सांगू? नुसता रंगच हवा असेल तर मी आज लिस्टबॉक्सऐवजी लिस्टव्ह्यू (रकाने असलेली यादी) घेईन. व्ह्यू 'डिटेल्स' करा, प्रत्येक आयटमला बॅककलर आणि फोरकलर थेट देता येतो, चित्रकलेची गरजच नाही. फक्त तारखेचाच रकाना लाल हवा असेल तर यूझआयटमस्टाइलफॉरसबआयटम्स फॉल्स करायला विसरू नका. पुढेमागे ओळींना टिकमार्क हवे झाले आणि चेक्डलिस्टबॉक्सकडे वळलात, तर तिथे ड्रॉमोड बदलून काहीच होत नाही, तो नॉर्मलच राहतो. तेव्हाही लिस्टव्ह्यूच, चेकबॉक्सेस ट्रू करून.