नॉर्वेचा संगीतकार ग्रीग, त्याचा ई मायनर पियानो सोनाटा (ओपस ७) कोणी वाजवलेला ऐकावा? तो इतका कमी का वाजवतात?

पियानोवादक लाइफ ओवे आन्स्नेसपासून सुरुवात करा. नॉर्वेचाच माणूस, उगाच गळा काढत नाही. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड, त्याचं १९७१चं रेकॉर्डिंग नंतर ऐका. ग्रीग आपल्या पणजोबांचा चुलतभाऊ, असं तो सांगायचा, पण वाजवतो मात्र सुतकात बसल्यासारखा.

कमी का वाजवतात? ग्रीगच्याच ए मायनर पियानो कॉन्चेर्टोपुढे (पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना) कोणाला आठवणार! शिवाय माझ्या सरांसारखे शिक्षक.

चाळिशी उलटल्यावर मी पियानो शिकायला लागलो. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमासाठी याच सोनाट्याचा दुसरा भाग, आंदान्ते, पाच महिने घोटला. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकायच्या, तरी घोटला. आठवडा उरला असताना सर म्हणाले, "पोरकट आहे हो हे. बेटोवनचं काहीतरी घ्या." वर, मिन्युएट, म्हणजे सोनाट्याचा तिसरा भाग, मी पळवतो, तो जडच वाजायला हवा, हेही ऐकवलं. शेवटी 'फ्यूर एलिझे' वाजवलं. माझ्या आधी एका आठ वर्षांच्या मुलीनेही तेच वाजवलं होतं. माझ्यापेक्षा बरं.

पोरकट म्हणे! बाविसाव्या वर्षी, १८६५च्या उन्हाळ्यात, डेन्मार्कमधल्या रुंगस्टेडला अकरा दिवसांत लिहिलाय, हे खरं. पण पहिले तीन स्वर बघा: ई, बी, जी. जर्मन पद्धतीत बी म्हणजे एच. एडवर्ड हागेरुप ग्रीग! आधी सही ठोकून मग बोलायला लागलेला पोरगा आहे हा.

आणि १९०३मध्ये पॅरिसला खुद्द ग्रीगने यातला मिन्युएट आणि फिनाले, म्हणजे शेवटचा भाग, रेकॉर्ड केलेत. फिनाले काटछाट केलेला, तबकडीवर मावायला हवा ना. खरखर भरपूर, पण मिन्युएटमध्ये तो सरांचा जडपणा मला तरी सापडला नाही. सरांना लिंक पाठवली. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

आता हेही सांगतो, फिनाले तेच तेच घोळवतो. ग्रीगनेही पुढे १८८७मध्ये सोनाट्यावर पुन्हा हात फिरवला होता. आणि आंदान्तेत माझा डावा हात अडखळायचा. सरांनी तेवढंच सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं.

तुम्ही शिकणार असाल तर आंदान्तेच आधी घ्या. आणि आठवडा उरलेला असताना कोणी 'नको' म्हणालं, तरी तोच वाजवा.