मनगट सरळ ठेव
अगं, डोंबिवलीहून परळपर्यंत उभ्याने येतेस, हात वर कडीला. खांदा आधीच भरून आलेला असतो. तशीच तडक टाइप करायला बसू नकोस. पाच मिनिटं खांदे सैल सोड, पाणी पी.

सगळ्यात आधी मनगट. कीबोर्डखालचे पाय उघडलेस की मनगट वर मुडपतं, म्हणून ते मिटूनच ठेव. कोपर अंगालगत, साधारण काटकोनात. माऊसही जवळ हवा. मी तो वर्षभर लांब ठेवला, मनगट मुडपूनच काम केलं. मग रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या; उठून हात झटकायचे तेव्हा कुठे झोप लागायची. मनगटातली नस दाबली जात होती. करंगळीला काहीच नव्हतं, त्यावरूनच डॉक्टरांना अंदाज आला. तुला तसं जाणवलं तर बाम चोळत बसू नकोस, लगेच दाखव.

लॅपटॉपखाली फाइलींचा गठ्ठा घाल, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येऊ दे, आणि कीबोर्ड वेगळा मागून घे. मागायला लाजू नकोस. पाय टेकत नसतील तर खाली पाट. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघ. आपल्या खिडकीतून पिंपळ दिसतो, तो पुरे. आणि एसीचा झोत मानेवर येतोय ना? उद्या माझ्या बाजूला बस.