गर्दीचा खेळ, एकटा खेळाडू: वाचकांचे प्रश्न

‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन खेळाची मोफत आवृत्ती सुरू केली आहे. अनोळखी लोकांबरोबर डंजनमध्ये (गटाने करायच्या मोहिमेत) जायचा संकोच वाटतो. कथा एकट्याने पूर्ण होईल का? (नाशिक)

जवळजवळ. चार जणांच्या डंजनला एक टँक (मार अंगावर घेणारा), एक हीलर (बरं करणारा) आणि मारा करणारे दोघे लागतात. नवे खेळाडू आटले की जुन्या डंजनची रांग हलेनाशी होते आणि नवखा माणूस कथेच्या मध्यावरच अडकतो. २०१९ मध्ये ‘ट्रस्ट’ (संगणकाचे सोबती देणारा पर्याय) आला, पण तो तेव्हाच्या नव्या भागापुरता. एप्रिल २०२२ पासून ‘ड्यूटी सपोर्ट’ जुन्या डंजनपर्यंत पोचू लागला. ड्यूटी मेनूतून तो उघडा आणि डंजन निवडा. तुमची भूमिका सोडून बाकीच्या तीन जागा संगणकाचे सोबती भरतात.

हे सोबती मारतात सावकाश, त्यामुळे वेळ जास्त जातो. पण कुठे उभं राहायचं हे त्यांना पाठ असतं. नवा बॉस (मोठा शत्रू) असेल तर ते पळतील तिकडे पळा. डावपेच शिकायला याहून चांगली शिकवणी नाही, आणि चुकलात तरी कुणी बोलत नाही.

अडणार कुठे? ‘क्रिस्टल टॉवर’ची तीन रेड (मोठ्या गटाच्या मोहिमा) मुख्य कथेसाठी सक्तीची आहेत, आणि प्रत्येकीत २४ खेळाडू असतात. तिथे रांगेला पर्याय नाही. मारा करणारी भूमिका घेऊन जा: थांबावं लागेल, पण २४ जणांत एकाची चूक सहसा कुणाच्या डोळ्यावर येत नाही. मोफत आवृत्तीत स्वतः पार्टी (गट) बनवता येत नाही. कुणी बोलावलं तर मात्र जाता येतं.

त्याच खेळात नारिंगी वर्तुळातून बाहेर पडल्यावरही फटका बसतो. असं का? (रत्नागिरी)

फटका लागणार की नाही, हे येणाऱ्या हल्ल्याची जागा दाखवणारी नारिंगी खूण नाहीशी होताना तुम्ही कुठे आहात त्यावर ठरतं. स्फोट दिसतो तो नंतर. खेळाचा सर्व्हर भारतात नाही, त्यामुळे तुमची जागा तिकडे थोडी उशिराच कळते. खूण दिसताच निघा. ‘हा एक मंत्र संपवतो मग सरकतो’ हा मोह जीव घेतो. वायफायऐवजी केबल लावली तर पिंगचे (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचे) हेलकावे कमी होतात. अंतर काही कमी होत नाही.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये गिल्डशिवाय (खेळाडूंच्या कायमच्या गटाशिवाय) दमदार चिलखत मिळतं का? (पुणे)

मिळतं. ऑगस्ट २०२४ च्या ‘द वॉर विदिन’पासून ‘डेल्व्ह’ या छोट्या मोहिमा आहेत: एक ते पाच जणांसाठी, ११ पातळ्यांच्या. आठवड्यात २, ४ आणि ८ डेल्व्ह पूर्ण केलेत की ‘ग्रेट व्हॉल्ट’मध्ये (आठवड्याच्या बक्षिसांच्या तिजोरीत) अनुक्रमे एक, दोन आणि तीन पर्याय उघडतात, निवडता मात्र एकच येतो. पातळी वाढेल तसं बक्षीस वाढतं, पण ठरावीक पातळीपुढे ते वाढायचं थांबतं आणि वाढते ती नुसती दमछाक. ही मर्यादा सीझनगणिक बघून घ्या.

मारा करणारे असाल तर ‘द वॉर विदिन’च्या डेल्व्हमध्ये ब्रान या संगणकाच्या सोबत्याला हीलर करा. तो औषधाच्या कुप्या जमिनीवर टाकतो; त्यांवरून चालत गेल्याशिवाय जीव भरत नाही. ‘ब्रान बरं करत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते. वरच्या पातळ्यांवर मरण्याची मुभा मोजकी असते. तिथे एका वेळी एकच टोळी अंगावर घ्या.

‘ओल्ड स्कूल रूनस्केप’चा हार्डकोअर आयर्नमॅन निवडू का? (बेळगाव)

आधी साधा आयर्नमॅन घ्या. ऑक्टोबर २०१४ पासून असलेल्या या प्रकारात दुसऱ्यांशी देवघेव बंद आणि बाजारपेठही बंद: तलवार हवी तर खनिज स्वतःच खणायचं. आमच्या मते एकट्याच्या खेळाचा सर्वांत सच्चा नमुना हाच. हार्डकोअरमध्ये भर पडते ती एकाच जिवाची. मेलात की दर्जा जातो आणि उरतो साधा आयर्नमॅन. लढाईच्या मध्यात नेट तुटलं तरी पात्र काही वेळ तिथेच मार खात उभं राहतं. वीज जात असेल तर राउटरलाही यूपीएस हवाच.