खूण जुळली, तरी अँबॅसडर सुरू होईना

प्रश्न : माझ्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल अँबॅसडरचा डिस्ट्रिब्यूटर (सिलिंडरांना ठिणगीसाठी वीज वाटणारा भाग) त्याच्या ड्राइव्ह गिअरसह काढून पुन्हा बसवला. क्रँकच्या पुलीवरची खूण जुळवली आहे, तरीही इंजिन सुरू न होता कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात. काय चुकले असावे?

उत्तर : पुलीची खूण अर्धेच सत्य सांगते. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांमागे रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता भाग, एकदाच फिरतो, त्यामुळे रेडिएटरकडील एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी असो वा एक्झॉस्टच्या, खूण तशीच जुळते. व्हॉल्व्हचे झाकण काढून पाहावे : खूण जुळलेली असताना एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि चार नंबरचे हलण्याच्या बेतात असतील, तर पिस्टन योग्य ठिकाणी आहे. त्या वेळी रोटर एक नंबरच्या वायरीऐवजी नेमका विरुद्ध बाजूला पाहत असेल, तर ड्राइव्ह गिअर उलटा बसला आहे. गिअर पुन्हा काढणे हा रीतसर उपाय. मात्र ठिणगीच्या १-३-४-२ या क्रमात डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपवरील १ व ४ आणि २ व ३ या वायरींची अदलाबदल केल्यानेही इंजिन तितकेच नीट चालते.

त्यानंतर पॉइंटमधील (डिस्ट्रिब्यूटरमधील उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधील) अंतर आधी ०.३५ ते ०.४० मिमी ठेवावे, कारण ते बदलले की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही सरकते. मग इग्निशन चालू करून पॉइंटची वायर आणि अर्थ (इंजिनचा उघडा धातू) यांच्यामध्ये छोटा बल्ब जोडावा. पॉइंट उघडताच तो पेटतो; तोच ठिणगीचा क्षण. या इंजिनात रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असल्याने टायमिंग पुढे आणण्यासाठी डिस्ट्रिब्यूटर घड्याळाच्या दिशेने किंचित फिरवावा.