दुपारी पावणेतीनचा मारवा

चिऊ,

परवा जेवताना तू विचारलंस, "आई, तुझ्या फोनवर नाट्यगीतं, भीमगीतं, किशोर कुमार, आब्बा, सगळी खिचडी. तरी मी सकाळी काही लावलं की तू 'हे आत्ताचं नाही' म्हणतेस. वेळ गाण्याला असते की तुला?" मी हसण्यावारी नेलं, पण लागलं गं. बोलताना माझा लगेच उपदेश होतो, म्हणून लिहिते.

बहुतेक मलाच असते. नागपूरच्या महाल भागातल्या घरात गाण्याचे कप्पे प्रकारावर नव्हतेच, घड्याळावर होते. आबाजींची दाढी होईपर्यंत आकाशवाणी नागपूरचे अभंग नि भावगीतं. संध्याकाळी शेजारून तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. रात्री मोठ्या मामाच्या डेकवर बोनी एम अन् आब्बा. (हो, तुझ्या स्टॉकहोमचेच. महालात ते तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी पोचले होते.) एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीला भीमगीतांची कव्वाली रात्र चढली की रंगायची, कव्वाल नागोराव पाटणकर हे नाव तेव्हा कुणाला सांगावं लागत नसे. यातलं उच्च काय नि हलकं काय, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. कधी काय वाजतं, तेवढं भिनलं.

त्यात कूलर. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की दुपारभर तो चालणार, आणि त्याची घरघर म्हणजे खर्जातला एक न हलणारा सूर. मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, आलापी त्यात बुडते, तंबोरा तर ऐकूच येत नाही. टिकतं ते धारदार: कव्वालीच्या टाळ्या, खंजिरी, इलेक्ट्रिक गिटार. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्याची दुपार धांगडधिंग्याची अन् ख्याल हिवाळ्याचा. कॅसेटींचंही तसंच. नव्वद मिनिटांच्या सी-90 ची फीत साठ मिनिटांच्या सी-60 पेक्षा पातळ. खिडकीशी उन्हात राहिली की ताणते, सूर डगमगतो, मग डेकमध्ये गुंतते. लांबलचक राग नव्वदीवर भरलेले, म्हणून ते ट्रंकेत. साठवाली सिनेमाची गाणी बाहेर, हाताशी. याला कुणी शास्त्र म्हणत असेल तर धन्य!

मारवा रागाचं मात्र वेगळं. तो सूर्यास्ताला गायचा. रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) नाहीच, आणि षड्जावर, म्हणजे सा वर, यायला गायक मुद्दाम उशीर करतो. टेकायला जागाच मिळत नाही. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकलेल्या वसंतराव देशपांड्यांचा ऐकलास की कळेल. पण नागपुरात सूर्य डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास मावळतो नि जूनमध्ये सातला. फरक जेमतेम दीड तासाचा. इथे स्टॉकहोमला डिसेंबरात दुपारी पावणेतीनला अंधारतं अन् जूनमध्ये रात्री दहानंतर. मग मारवा कधी, शाळा सुटायच्या आधी की झोपायच्या वेळी? मला उत्तर येत नाही. कर्नाटक संगीतवाले वेळेचा एवढा हट्ट धरत नाहीत, आणि त्यांचं काही बिघडत नाही. आमचे हिंदुस्थानी गाणारेही काही फार सोवळे नाहीत: भैरवी सकाळची, पण रात्री अकराला मैफल संपतानाही तीच गातात. अमीर खाँसाहेबांच्या गाजलेल्या तबकडीच्या एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. एक दिवेलागणीचा, एक मध्यरात्रीचा. बाजू उलटायला पाच सेकंद!

तरी एक गंमत करून बघ. मारवा, पूरिया आणि सोहनी, तिघांचे स्वर अगदी तेच. पूरिया खाली, मंद्रात रमतो, म्हणून संध्याकाळचा. सोहनी वरच्या षड्जाभोवती नाचते, ती उत्तररात्रीची. तिन्ही लागोपाठ ऐक आणि कुठला कधीचा वाटतो ते तूच ठरव. माझं आधी वाचलंस म्हणजे निकाल थोडा फितूर झाला, पण चालेल.

ऐकताना शफल बंद ठेव. विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) हे वेगवेगळे ट्रॅक करून टाकलेले असतात. शफलमध्ये द्रुत आधी येतं आणि मग विलंबित उगाच रेंगाळल्यासारखं वाटतं. एका गाण्यात दुसरं मिसळणारी सेटिंगही काढ, नाहीतर सुरुवातीचा तंबोरा आणि पहिला षड्ज खाल्ला जातो. बेस वाढवू नकोस, त्यात तबल्याचा बायाँ (डावा, घुमणारा) सगळ्यांवर चढतो. स्वतः गुणगुणणार असशील तर तानपुऱ्याच्या ॲपमध्ये पहिली तार पंचमावरून निषादावर (नी) घे. पंचमावर ठेवलीस तर मारव्यात नसलेला सूर सतत कानात वाजत राहील, आणि चुकतंय काय ते कळणार नाही.

इतकं लांब नको असेल तर बालगंधर्वांपासून सुरू कर. 78 आरपीएमच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची, म्हणून रंगमंचावर वन्स मोअर घेत लांबणारं पद तिथे आटोपशीर आहे. एक तान सुटली की दुसरी हजर. तुझ्या गाण्यांएवढीच लांबी.

नाही आवडलं तर बंद कर, मला सांगायलाही नको. आणि तुझं ते डबल बेस ड्रमवालं मेटल सकाळी सातला लावलंस तर मी "हे आत्ताचं नाही" म्हणणारच, सवय जात नाही. तू आवाज कमी कर, गाणं बदलू नकोस.

आई