यादीत नाव लागलं, तरी काम का मिळत नाही?

वर्षभर खटपट करून एका मोठ्या कंपनीच्या पुरवठादार यादीत तुमचं नाव लागलं, पण ऑर्डर येतात त्या किरकोळ आणि पेमेंट थकतं. धाकट्या बहिणीला चांगली नोकरी लागली, पण तिच्या वाट्याला कायम दुय्यम कामं येतात. एवढं सांगून शेवटी तुम्ही विचारलंय, "आम्हा दोघींतच काही कमी आहे का?" त्या एका वाक्यासाठी सविस्तर लिहितेय. मी बरीच वर्षं खरेदी विभागात होते, नंतर स्वतः पुरवठादार झाले, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्यात.

दारातल्या अडचणी बहुतेक कागदावर असतात. इतकी उलाढाल हवी, इतक्या वर्षांचा अनुभव हवा, अमुक प्रमाणपत्र हवं, अनामत भरा. त्रास होतो, पण अट लिहिलेली असली की तिच्याशी भांडता येतं. अमेरिकेत ड्यूक पॉवर या वीज कंपनीने चांगल्या पगाराच्या कामांसाठी शालान्त शिक्षणाची आणि चाचण्यांची अट घातली होती. त्या कामाशी त्या अटीचा संबंध कंपनीला दाखवता आला नाही आणि कृष्णवर्णीय कामगार मात्र तिच्यामुळे बाहेर राहत होते. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट बेकायदा ठरवली. न लिहिलेल्या अटीही असतातच. बॉस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना संशोधकांनी सारख्याच तोडीचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तुम्ही दोघी हा टप्पा ओलांडून आत आला आहात.

आत आल्यावर मात्र कुणी काही लिहून देत नाही. खरेदी अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. जुन्या पुरवठादाराचा माल उशिरा आला तर त्याला कुणी जाब विचारत नाही. नव्याचा आला तर पहिला प्रश्न येतो, "यांना आणलं कोणी?" म्हणून तो नव्याला देतो ती जुन्याने नाकारलेली, घाईची, कमी नगांची ऑर्डर. नग कमी म्हणून तुमचा दर चढा. दर चढा म्हणून पुढची मोठी ऑर्डर पुन्हा जुन्याकडे. यात कुणी दुष्ट असावं लागत नाही, आणि म्हणूनच तक्रार कोणाविरुद्ध करायची तेही कळत नाही.

पेमेंटचंही तसंच. पीओवर, म्हणजे कंपनीच्या लेखी खरेदी ऑर्डरवर, "६० दिवस" लिहिलेलं असतं, पण कधीपासून? बिल दिल्यापासून, माल गेटवर उतरल्यापासून, की तपासणी होऊन स्वीकारल्यापासून? तपासणी तीन आठवडे रखडली, मग पीओचा क्रमांक नीट नाही म्हणून बिल परत आलं, की ६० चे १०० कधी होतात कळत नाही. मोठा पुरवठादार ते सोसतो. तुमचं खेळतं भांडवल तिथेच अडकतं आणि पुढच्या मालाला पैसे उरत नाहीत. चांगला माल देणारे कितीतरी छोटे उद्योग मी याच कारणाने मागे सरताना पाहिलेत.

आता बहीण. रोझाबेथ कँटर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७७ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या स्त्रियांबद्दल लिहिलं, ते आजही लागू पडतं. गटात आपल्यासारखे मूठभरच असले की प्रत्येक हालचालीवर नजर राहते, आणि एकीची चूक सगळ्याजणींच्या नावावर जमा होते. त्यात महत्त्वाची कामं मिटिंगच्या आधीच, गप्पांतून वाटली जातात. मग अप्रेझलमध्ये शेरा येतो, "मोठं काम हाताळण्याचा अनुभव नाही." तुमच्या दराचं जे झालं तेच हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५८ च्या भेदभावविरोधी करारात नोकरी मिळण्याबरोबर नोकरीतल्या अटीही मोजल्या आहेत, त्या उगाच नाहीत.

म्हणून "आत्मविश्वास वाढवा" हा सल्ला मला मनापासून चुकीचा वाटतो. जे तोंडी चाललंय ते कागदावर आणा.

तुम्ही आधी दर उतरवू नका. एक वस्तू निवडा आणि तिच्या वर्षभराच्या गरजेतला ठरावीक हिस्सा मागा. लहान चालेल, पण सलग हवा. माल वेळेवर किती वेळा पोचला आणि किती नग नाकारले गेले, याचा तक्ता गुणवत्ता विभागाकडून सहीनिशी घ्या. तो हातात असला की अधिकाऱ्यालाही वरच्यांना उत्तर देता येतं. दिवस कधीपासून मोजायचे आणि तपासणी किती दिवसांत व्हायची, हे पुढच्या पीओत लिहून मागा. आणि दुसरा ग्राहक शोधायला आजच लागा, एकाच कंपनीवर अवलंबून राहू नका.

बहिणीने "मला चांगलं काम द्या" असं मोघम म्हणू नये. अमुक काम, अमुक तारखेपर्यंत, असं नाव घेऊन मागावं आणि बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींची मेल टाकावी. ती नसलेल्या खोलीत तिचं नाव घेईल असं एखादं वरिष्ठ माणूस तिला लागेल. नुसता मायेने सल्ला देणारा पुरत नाही. दोन अप्रेझल गेली आणि काहीच हललं नाही, तर नोकरी बदलण्यात कमीपणा नाही.

तुमच्या पीओवर पेमेंटची अट नेमक्या कोणत्या शब्दांत आहे ते कंपनीचं नाव झाकून इथे टाका. पत्राचा मसुदा मी करून देते.