आधी कागद, मग कोड
अरे, अल्गोरिदम, म्हणजे उत्तर काढायच्या ठरलेल्या पायऱ्या, पाठ करू नकोस. युक्लिडच्या रीतीनं २५२ अन् १०५ चा मसावि हातानं काढून बघ. २५२ ला १०५ नं भाग, बाकी ४२. १०५ ला ४२ नं, बाकी २१. ४२ ला २१ नं, बाकी शून्य. झालं, मसावि २१! अवयव पाडायची भानगडच नाही.

बायनरी सर्चला, म्हणजे दरवेळी मधली नोंद बघून अर्धी यादी सोडून देत शोधायला, मात्र यादी क्रमानं लावलेलीच लागते. मी सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका दुकानाची चादरींची यादी क्रम न लावताच दिली होती. गठ्ठा समोर, अन् प्रोग्राम म्हणतो 'माल नाही'. मालक किती हसला! क्रम लावल्यावर हजार नोंदींत जास्तीत जास्त १० वेळा बघावं लागतं. पण एकदाच शोधायचं असेल तर क्रम कशाला लावतोस? सरळ वरून खाली बघत जा.